गिरणीच्या जागेवरचा मॉल: इंदूरकर मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे बाबा इंदूरच्या एका मिलमध्ये वीव्हिंग खात्यात होते आणि मामा मुंबईला परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात. त्यामुळे बायपासवर फिनिक्स मॉल उघडल्यापासून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातली ओळखीची माणसं मला सारखं काहीतरी विचारत असतात. कुणी मुंबईला लेकीकडे निघालेलं असतं, कुणाला नातवंडांना ‘तो मोठा मॉल’ दाखवायचा असतो, कुणाच्या मनात आपल्या मिलच्या जागेचं काय होणार ही धाकधूक असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

आपल्या बायपासवरचा फिनिक्स आणि मुंबईचा फिनिक्स एकाच मालकीचे का?

हो, कंपनी एकच. तिचं नाव आजही ‘द फिनिक्स मिल्स लिमिटेड’ असंच आहे. १९०५ साली लोअर परळला सुती कापडाची गिरणी म्हणून ती सुरू झाली. आता ती कापड काढत नाही, मॉल चालवते: मुंबईत लोअर परळ आणि कुर्ला, शिवाय पुणे, बंगळुरू, चेन्नई, लखनौ, अहमदाबाद आणि आपलं इंदूर. आपला मॉल, फिनिक्स सिटाडेल, एमआर-१० रस्त्याच्या चौकाजवळ डिसेंबर २०२२ मध्ये उघडला. दुकानांची जागाच सुमारे दहा लाख चौरस फूट.

मात्र बायपासच्या त्या जमिनीवर कधी मिल नव्हती. जिथं सूत निघत होतं तिथंच आज उंची ब्रँडची दुकानं लागली आहेत, ती जागा म्हणजे लोअर परळचा फिनिक्स पॅलेडियम. पुढचे बरेच प्रश्न त्याच्याबद्दलचेच आहेत.

राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव मॉल झाल्यावर दिलं का?

नाही. नाव गिरणीचंच, १९०५ पासूनचं.

तुम्ही कधी मिल म्हणता, कधी गिरणी. फरक काय?

फरक गावाचा. आपल्याकडे इंदूरला गिरणी म्हटलं की डोळ्यासमोर पिठाची चक्की येते. कापडाची ती मिल. मुंबईत मात्र कापडाची ती गिरणी, तिथं राबणारा गिरणी कामगार आणि लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा हा सगळा पट्टा म्हणजे गिरणगाव. मामा आमच्याकडे सुट्टीत आला की ‘गिरणीत पाळी बदलली’ म्हणायचा आणि आम्ही मुलं विचारायचो, मामा, तू दळण दळतोस का? तो न हसता सांगायचा, ‘नाही रे, अंगावर घालतोस ते विणतो.’

मॉलमध्ये गेल्यावर गिरणीचं काही दिसतं का? की सगळं पाडलं?

धुराडं दिसतं. अंगणात उभं असलेलं विटांचं उंच धुराडं. काचेच्या दुकानांमधून बाहेरच्या चौकात आलात की मान वर करून पाहा. बहुतेक लोक त्याच्या पायथ्याशी फोटो काढतात आणि ते कशाचं आहे हे न विचारताच पुढे जातात.

ते इतकं उंच का, हे मुलांना जरूर सांगा. गिरणी सुरुवातीला वाफेवर चालायची. बॉयलरखाली कोळसा जळायचा, वाफेनं इंजिन फिरायचं आणि त्या एका इंजिनावर लांबलचक दांडे आणि पट्ट्यांच्या जोरावर सूत कातणाऱ्या हजारो चात्या आणि कापड विणणारे शेकडो साचे फिरायचे. धुराडं जितकं उंच तितकी आतली गरम हवा जोरात वर ओढली जाते आणि भट्टीला तितकी ताजी हवा मिळते. धूर गावाच्या डोक्यावरून जावा हा फायदा होताच, पण आग नीट पेटती राहणं ही खरी गरज. पुढे वीज आली आणि मोटारी बसल्या. मग धुराड्यांचं काम संपलं, पण ती उभी राहिली.

दुसरी खूण म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी छपरं. ती आता फार कमी ठिकाणी उरली आहेत. त्या छपराची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड करून असायची. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे तुटलेला धागा चटकन नजरेला पडतो. आणि दमट हवेत सूत कमी तुटतं. मुंबईला समुद्राची दमट हवा आयती मिळाली. आपल्या माळव्याच्या कोरड्या हवेत खात्यात पाण्याचे फवारे सोडावे लागायचे. बाबा सांगायचे, बाहेर मे महिन्याची लू आणि आत अंग चिकट. घरी आल्यावर त्यांच्या केसांत कापसाचे पांढरे तंतू अडकलेले असायचे. आई आधी ते झटकायची, मग पाणी द्यायची.

गेल्या खेपेला मी मामीला तिथं घेऊन गेलो होतो. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, सुती साडी, पायात साधी चप्पल. आत शिरायलाच ती बिचकत होती. धुराड्यापाशी आली आणि तिनं विटेला हात लावला, जसा आपण देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा. म्हणाली, ‘ह्यांची गिरणी ही नव्हे, पण धुराडं असंच होतं.’ मग बराच वेळ तिथंच उभी राहिली.

मुंबईच्या गिरण्या संपामुळेच बंद पडल्या ना?

संप हे मोठं कारण, पण एकटं नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस हव्या होत्याच, शिवाय ज्या एकाच संघटनेला कायद्यानं मान्यता होती ती कामगारांना आपली वाटत नव्हती. हा संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. महिने गेले, वर्ष गेलं, माणसं कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला गावी परतली. ज्यांना गावी शेत नव्हतं त्यांनी भाजीची पाटी उचलली.

पण त्याआधीच बरीच वर्षं भिवंडीसारख्या गावांत यंत्रमाग वाढत होते आणि तिथं कापड स्वस्तात निघत होतं. मुंबईच्या बऱ्याच गिरण्यांमध्ये यंत्रं जुनाट झाली होती, नवी घ्यायला पैसा लावला जात नव्हता. आणि जी जमीन एकेकाळी शहराच्या कडेला होती ती शहराच्या पोटात आली. दक्षिण मुंबई एका बाजूला, उपनगरं दुसऱ्या बाजूला, मधोमध लोअर परळ. त्या जागेचा भाव कापडाच्या नफ्यापेक्षा कितीतरी वर गेला. गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवणं परवडू लागलं. माझ्या मते खरा घाव हा होता.

गिरणीची जमीन मॉलला, टॉवरला कशी मिळाली? सरकारनं अडवलं नाही का?

हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुंबईत सुमारे सहाशे एकर गिरण्यांची जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा ढोबळ अर्थ असा: गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करा. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा मांडला. तुकड्यातुकड्यानं नको, सगळं एकदम पाहा, असा त्याचा आग्रह होता.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची झाली. म्हणजे समजा बारा एकरांची गिरणी आहे, दहा एकरांवर शेड आणि दोन एकर अंगण. जुन्या नियमानं प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार-चार एकर आले असते. नव्या नियमानं वाटे फक्त त्या दोन एकरांचे. शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशेबात नाही. गिरण्या म्हणजे जवळपास सगळी बांधलेलीच जागा, त्यामुळे शहराला आणि घरांना किती मिळणार हे उघड आहे. लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून २००१ चा बदल कायम ठेवला.

त्यानंतर बांधकामांचा वेग वाढला. ज्युपिटर मिलच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, श्रीनिवास मिलच्या जागी आभाळाला भिडणाऱ्या इमारती, दादरच्या कोहिनूर मिलच्या एका भागावर कोहिनूर स्क्वेअर. फिनिक्सनं सुरुवात याच्याही आधी, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस केली होती. पहिल्यांदा बोलिंगचा खेळ, मग बिग बझार, पॅन्टलून्स अशी मध्यमवर्गाची दुकानं, नंतर पॅलेडियमचा उंची भाग आणि त्याच आवारात पंचतारांकित हॉटेलचा मनोरा.

एका शब्दानं किती जमीन हलते हे मला या प्रकरणातून कळलं. ‘मोकळी’ हा तो शब्द.

कामगारांना घरं मिळाली का?

काहींना. २०१२ मध्ये म्हाडानं पहिली मोठी सोडत काढली; १८ गिरण्यांच्या जागांवरची ६,९२५ घरं त्यात होती. अर्ज मात्र सुमारे दीड लाख. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागांवरच्या घरांची आणखी एक सोडत निघाली. पण ज्यांच्या नावावर घर लागलं त्यांतले कितीतरी तोवर हयात नव्हते, आणि वारसांना कागदपत्रांसाठी फेऱ्या माराव्या लागल्या. मामाचा अर्ज होता. नंबर लागला नाही. मामी अजून तीच दहा बाय बाराची खोली नीट सारवल्यासारखी लख्ख ठेवते.

इंदूरच्या मिल कुणी काढल्या? त्यांचं काय झालं?

आपल्याकडची पहिली मिल दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळातली, संस्थानाची, म्हणून ती स्टेट मिल. रेल्वे इंदूरपर्यंत यायच्या आधीची ही गोष्ट, तेव्हा यंत्रं खंडव्याच्या बाजूनं घाट चढवून हत्तींनी ओढत आणली असं जुने लोक अजून सांगतात. पुढे ती भंडारी कुटुंबाकडे गेली. मग मालवा मिल, सर सेठ हुकुमचंद यांची हुकुमचंद मिल, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार. माळवा आणि निमाडच्या काळ्या मातीतला कापूस हाताशी, त्यामुळे शहरच मिलभोवती वाढलं. कामगारांसाठी नंदानगर वसलं, गुलझारीलाल नंदांच्या नावानं. ज्यांना सेठ हुकुमचंद फक्त इतवारियाच्या काच मंदिरामुळे माहीत आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं की त्या काचांमागे कापसाचा पैसा होता.

मिल गेल्या, नावं राहिली. मालवा मिल चौराहा, भंडारी ब्रिज, राजकुमार ब्रिज. रिक्षावाला आजही ‘मालवा मिल, मालवा मिल’ ओरडतो आणि आत बसलेल्या कॉलेजच्या मुलीला तिथं कधी मिल होती हे माहीत नसतं. मी एकदा अशाच एका मुलीला सांगितलं, ती खरंच चकित झाली आणि उतरेपर्यंत प्रश्न विचारत राहिली.

हुकुमचंद मिलच्या जागेवरही मॉल होणार आहे का?

हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. ५,८९५ कामगारांचं येणं अडकलं. बत्तीस वर्षं खटले, बैठका आणि मोर्चे चालले. अखेर २५ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. साडेबेचाळीस एकरांची ती जमीन मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाकडे आली आहे आणि तिथं घरं आणि व्यापारी बांधकाम करायची योजना आहे.

दरम्यान या तीस-बत्तीस वर्षांत त्या आवारात झाडं आपोआप वाढली. शहराच्या मध्यभागी एवढी दाट झाडी आता दुसरीकडे क्वचितच सापडेल. ती तोडू नये म्हणून इंदूरकर रस्त्यावर उतरले, आणि मीही त्यांच्यात होतो. माझं मत स्पष्ट आहे. मुंबईत वाटणीचा प्रश्न सुटायच्या आत पाया खणले गेले. आपल्याकडे कामगारांचे पैसे आधी आले, ही मोठी गोष्ट झाली. आता झाडं आणि मिलची एखादी तरी खूण शाबूत ठेवून बांधायला जागा पुरेशी आहे. एक गेट, एक भिंत, एक करवती छप्पर ठेवलं तरी नातवंडांना बोट दाखवायला काही राहील.

मग मॉल वाईटच, असं म्हणायचं आहे का?

नाही. पॅलेडियममध्ये शेकडो तरुण मुलं-मुली कामाला आहेत, त्यांतली किती तरी लालबाग-परळच्या चाळींतली आहेत. मामाचा नातू एका घड्याळाच्या दुकानात आहे. आजोबा पहिल्या पाळीला सकाळी सातच्या भोंग्यावर निघायचे, हा दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, त्याच रस्त्यानं. त्याचं काम मला कमी वाटत नाही. फरक इतकाच की आजोबांच्या खात्यात हजारो माणसं एका वेळी जेवायला बसायची, संघटना होती, खानावळ होती, भजनी मंडळ होतं, पगाराच्या दिवशी अख्खी चाळ जागी असायची. त्याच्या दुकानात पाच जण आहेत आणि कुणाची नोकरी किती महिन्यांची हे कुणालाच ठाऊक नाही.

इंदूरहून तिथं जायचं कसं?

अवंतिका सोयीची. संध्याकाळी इंदूरहून निघते, पहाटे मुंबई सेंट्रल. तिथून दादरच्या दिशेची धिमी लोकल घ्या: महालक्ष्मी, मग लोअर परळ. फास्ट गाडी लोअर परळला थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा. स्टेशनच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्ग; जुनी माणसं त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात. त्यावरून चालत दहा-पंधरा मिनिटं. मध्य रेल्वेनं येणार असाल तर करी रोडला उतरा आणि पूल ओलांडा.

दुकानं साधारण अकरानंतर उघडतात. सकाळ मोकळी मिळते, ती लालबागला घालवा. चिवडा गल्लीत ताजा चिवडा घ्या, लाडू सम्राटमध्ये बसून काहीतरी गरम खा. गणपतीचे दिवस असतील तर गर्दीचा अंदाज घेऊनच निघा. लालबागचा राजा १९३४ पासूनचा, गिरणगावातल्याच लोकांनी बसवलेला.

तिथं सगळं फार महाग असतं. काही न घेता फिरलं तर चालतं का?

चालतं. तपासणीतून जाताना पिशवी दाखवा आणि निर्धास्त आत जा. साडी असो, धोतर असो, कुणी अडवत नाही. बर्बरी, गुचीच्या दुकानांत शिरायचा संकोच वाटला तर शिरू नका, बाहेरून काच पाहिली तरी पुरे. वयस्कर माणसांना बसायला जागा शोधावी लागते, म्हणून अंगणाच्या बाजूची बाकं आधी गाठा. जेवण बाहेर स्वस्त पडतं.

एक करा. एखाद्या दुकानात सुती सदरा हातात घ्या आणि त्याचं लेबल पाहा. किंमत बघून झाली की कापड दोन बोटांत चोळून पाहा. बाबा असंच पाहायचे. त्यांना किती नंबरचं सूत आहे ते बोटांना कळायचं.

मिल बंद झाल्या तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) कशा निघतात?

माणसं अजून आहेत म्हणून निघतात. ही परंपरा शंभर वर्षांच्या आसपासची. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, ज्यांच्या भिंतीसुद्धा धड राहिल्या नाहीत त्या मिलच्या नावानं म्हातारे कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी काढून, मदत मागून, महिनाभर आधीपासून झांक्या उभ्या करतात. रात्रभर त्या शहरातून फिरतात. बाबा जाईपर्यंत दरवर्षी जेल रोडला एकाच कोपऱ्यावर उभे राहायचे. आपल्या मिलची झांकी आली की टोपी काढायचे. आता मी त्या कोपऱ्यावर उभा राहतो.

घरात वडिलांचा मिलचा बिल्ला, जुनं पासबुक, पगाराची चिठ्ठी सापडली. काय करू?

कृपा करून रद्दीत देऊ नका. वारसाचा हक्क सिद्ध करायला हाच कागद कामी येतो. आमच्याकडे एका कार्यालयात बाबांची फाइलच मिळेना, तेव्हा आईनं ट्रंकेच्या तळाशी जपलेली एक पिवळी पगारचिठ्ठी पुढे केली आणि काम झालं. कागदांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. मूळ कागद प्लास्टिकमध्ये न घालता सुती कापडात गुंडाळा, दमटपणा कमी लागतो.

घरात अजून कुणी जुना कामगार असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा: कोणतं खातं, कोणती पाळी, मुकादमाचं नाव काय, भोंगा किती वेळ वाजायचा. फोनवर आवाज टिपून ठेवा. ‘आठवणी सांगा’ म्हटलं तर ते गप्प होतात. ‘डब्यात काय असायचं’ विचारलं की तासभर बोलतात.

बाबांचा पितळी बिल्ला आमच्या देवघराच्या खणात आहे. त्याच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर नाव, खातं आणि ‘दुसरी पाळी’ एवढंच लिहिलं आहे. खाली आईनं स्वतःच्या अक्षरात भर घातली: ‘डब्यात ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. शनिवारी शिरा.’